इंग्रजी नेमकं कुठे अडतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेली पत्रं वेगवेगळ्या वयाच्या आणि व्यवसायांच्या वाचकांची आहेत, पण बहुतेक चुकांच्या मुळाशी एखादी मराठी वाक्यरचनाच सापडते. वाक्य मनात मराठीत तयार होतं आणि तसंच्या तसं इंग्रजीत उतरतं. त्यामुळे प्रत्येक उत्तरात ती चूक कोणत्या मराठी वाक्यातून येते तेही सांगितलं आहे. इंग्रजी वाक्यं वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : मी बँकेत नोकरीला आहे. 'आय हॅड सेंट द स्टेटमेंट ऑन फ्रायडे' असं मी ईमेलमध्ये लिहिलं, तर साहेबांनी त्यातला 'हॅड' खोडला. भूतकाळ दाखवायला 'हॅड' लागतो ना? (बँक कर्मचारी, लालबाग)

भूतकाळ दाखवायला 'सेंट' एवढं पुरतं. तुमच्या मनातलं मराठी वाक्य होतं, 'मी शुक्रवारी स्टेटमेंट पाठवलं होतं.' मराठीत हे 'होतं' अगदी सहज येतं. 'काल तुम्हाला फोन केला होता', 'रविवारी लोणावळ्याला गेलो होतो', असं आपण दिवसभर बोलतो आणि त्यात काही वावगं नाही. गोष्ट होऊन गेली, एवढंच आपल्याला सांगायचं असतं. इंग्रजीतल्या 'हॅड'चं काम याहून अरुंद आहे. भूतकाळातल्या दोन घटनांपैकी जी आधी घडली तिलाच तो लागतो. त्यामुळे नुसतं 'आय हॅड गॉन टू लोणावळा' म्हटलं की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट पाहत राहतो : गेला होता, आणि मग काय झालं?

हे एका वाक्यात तपासून पाहा. 'व्हेन आय रीच्ड दादर, द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हणजे तुम्ही पोहोचण्याआधीच गाडी सुटली होती. 'व्हेन आय रीच्ड दादर, द ट्रेन लेफ्ट' म्हणजे तुम्ही पोहोचलात आणि त्याच वेळी गाडी सुटली. पहिल्यात गाडी चुकली, दुसऱ्यात कदाचित धावत पकडताही आली असती. सगळा फरक एका 'हॅड'चा आहे.

'हॅड' एकट्या वाक्यात कधीच येत नाही असंही नाही. 'द ब्रँच कॉल्ड अगेन ऑन मंडे. आय हॅड सेंट द स्टेटमेंट ऑन फ्रायडे.' इथे तो बरोबर आहे, कारण सोमवारचा फोन ही नंतरची घटना आधीच्या वाक्यात येऊन गेली आहे. तुमच्या ईमेलमध्ये अशी दुसरी घटना नसेल, तर साहेबांनी खोडलं ते योग्यच केलं.

याची दुसरी बाजूही पाहून ठेवा. 'आय हॅव सेंट इट यस्टरडे' हे चूक आहे. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९ अशी संपून गेलेली ठरावीक वेळ वाक्यात आली की 'हॅव' जातो आणि 'आय सेंट इट यस्टरडे' उरतं. वेळ सांगायचीच नसेल, तर 'आय हॅव सेंट इट' ठीक. आता पाठवलेल्या ईमेलच्या फोल्डरमध्ये 'हॅड' हा शब्द शोधा आणि पहिल्या दहा वाक्यांना एकच प्रश्न विचारा : कशाच्या आधी? उत्तर मिळालं नाही तर 'हॅड' काढा.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. पाठांतर चोख आहे, पण बोलताना 'डिड यू वेन्ट', 'ही डिडन्ट केम' असंच निघतं. किती वेळा सुधारलं तरी पुन्हा तेच. (पालक, भांडुप)

मराठीत 'तू गेलास का?' आणि 'तो आला नाही' या दोन्ही वाक्यांत क्रियापद भूतकाळातच राहतं. प्रश्नासाठी नुसता 'का' जोडायचा, नकारासाठी 'नाही' जोडायचं. मुलगी तेच करते : 'वेन्ट' तसंच ठेवून पुढे 'डिड' लावते. इंग्रजीत भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच येते. 'डिड' आला की ती खूण त्याच्याकडे गेली, त्यामुळे मुख्य क्रियापद मूळ रूपात परततं : 'डिड यू गो', 'ही डिडन्ट कम'. 'डज'चंही असंच आहे. शेवटचा 'स' त्याने घेतला की क्रियापदाला तो पुन्हा लागत नाही. 'शी डजन्ट नोज' चूक, 'शी डजन्ट नो' बरोबर.

पाठांतर चोख असूनही बोलताना चुकतं, कारण गो-वेन्ट-गॉन अशा जोड्या ती सुट्ट्या पाठ करते आणि प्रश्न किंवा नकार करण्याचा सराव वेगळा होत नाही. त्याऐवजी प्रत्येक क्रियापदाची तीन वाक्यं एका दमात म्हणून घ्या : 'आय वेन्ट. आय डिडन्ट गो. डिड यू गो?' मग 'आय ॲट. आय डिडन्ट ईट. डिड यू ईट?' रोज पाच क्रियापदं पुरेत, आणि ती अनियमितच निवडा : बाय-बॉट, टेक-टुक, सी-सॉ, ब्रिंग-ब्रॉट, गिव्ह-गेव्ह. तिसऱ्या वाक्यावर ती अडखळली तर मधेच थांबवून नियम सांगत बसू नका. तिन्ही वाक्यं पहिल्यापासून पुन्हा म्हणायला लावा. इथे जिभेला वळण लागणं जास्त महत्त्वाचं आहे.

एक अपवाद तिला नक्की सांगा. 'कोणी केलं' असं विचारताना 'हू' हाच कर्ता असतो, तेव्हा 'डिड' येत नाही. 'हू ब्रोक द ग्लास?' हेच बरोबर.

प्रश्न : मी कॉल सेंटरमध्ये काम करतो. परदेशी ग्राहकांशी बोलताना माझ्या 'येस'चा ते उलटा अर्थ घेतात. चूक माझी की त्यांची? (कर्मचारी, मालाड)

नकारार्थी प्रश्नांना मराठी आणि इंग्रजी वेगवेगळ्या रीतीने उत्तर देतात, आणि हा फरक शाळेत फारसा कुणी शिकवत नाही. 'पैसे मिळाले नाहीत का?' असं विचारलं तर आपण म्हणतो, 'हो, नाही मिळाले.' आपलं 'हो' विचारणाऱ्याच्या बोलण्याला असतं : तुम्ही म्हणता ते खरं आहे. इंग्रजी उत्तर प्रश्न कसा विचारला ते पाहतच नाही, प्रत्यक्षात काय घडलं तेवढं पाहतं. पैसे मिळाले असतील तर 'येस', मिळाले नसतील तर 'नो'. समजा, ग्राहकाने विचारलं, 'हॅझंट द रिफंड बीन प्रोसेस्ड?' तुम्ही म्हणालात 'येस', मनात अर्थ 'हो, झालेला नाही.' त्याने ऐकलं की रिफंड झाला. चार दिवसांनी तो चिडून पुन्हा फोन करणार, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं चुकलेलं नाही.

यावर दोन उपाय. पहिला, नुसतं 'येस' किंवा 'नो' कधीच म्हणू नका. प्रश्नातलं सहायक क्रियापद उचलून पूर्ण उत्तर द्या : 'नो, इट हॅझंट' किंवा 'येस, इट हॅज'. 'येस'च्या मागे 'हॅझंट' आलं तर कानालाच खटकेल आणि तुम्ही जागच्या जागी सुधाराल. दुसरा उपाय तुमच्या हातातला आहे : तुम्ही स्वतः नकारार्थी प्रश्न विचारू नका. 'हॅवन्ट यू रिसीव्ड द ईमेल?' ऐवजी 'हॅव यू रिसीव्ड द ईमेल?' विचारा. समोरचाही मराठी किंवा हिंदी बोलणारा असेल तर याचा दुप्पट उपयोग होतो.

'डू यू माइंड' या प्रश्नावर मात्र नेहमी सावध राहा. त्याचा अर्थ 'तुमची हरकत आहे का' असा आहे. 'डू यू माइंड इफ आय पुट यू ऑन होल्ड?' याला ग्राहक 'नो' म्हणाला तर ती परवानगी झाली. आणि तुम्हाला कुणी 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' विचारलं, जागा द्यायची असेल, तर 'नो, नॉट ॲट ऑल' म्हणा. तिथे 'येस' म्हणणं म्हणजे सरळ नकार.

वाक्याच्या शेवटच्या 'ना'चाही हाच गोंधळ होतो. मराठीत एकच 'ना' सगळीकडे चालतो, म्हणून इंग्रजीत 'इझंट इट' सगळीकडे लागतो : 'यू पेड यस्टरडे, इझंट इट?' इंग्रजीत शेपूट वाक्यातल्या क्रियापदाप्रमाणे बदलतं आणि होकाराला नकाराचं, नकाराला होकाराचं येतं. 'यू पेड यस्टरडे, डिडन्ट यू?' 'शी कॅन कम, कान्ट शी?' 'दे आर नॉट क्लोज्ड, आर दे?' बोलण्याच्या ओघात जमत नसेल तर शेपूट सोडून द्या आणि शेवटी 'राइट?' म्हणा. फोनवर ते चालतं.

प्रश्न : सोसायटीच्या नोटिसा मीच लिहितो. एक सदस्य दर वेळी चुका काढतात, पण नेमकं काय चुकलं ते सांगत नाहीत. सोबत एक नोटीस पाठवतो आहे. (गृहनिर्माण संस्थेचे सचिव, गोरेगाव)

तुमची नोटीस अशी : 'टँक क्लीनिंग वर्क विल बी डन ऑन संडे. अन्टिल द वर्क विल नॉट कम्प्लीट, मेंबर्स शुड नॉट ओपन द टॅप्स. वन ऑफ द पंप इज ऑल्सो नॉट वर्किंग सिन्स टू डेज. फॉर मोअर इन्फर्मेशन्स काँटॅक्ट टू द सेक्रेटरी. वी विल डिस्कस अबाउट द एक्स्पेन्स इन नेक्स्ट मीटिंग.'

अर्थ पोहोचतो, पहिलं वाक्यही चालण्यासारखं आहे. बाकीच्यांतून एकेक करून जाऊ.

'अन्टिल द वर्क विल नॉट कम्प्लीट' हे थेट 'जोपर्यंत काम पूर्ण होत नाही तोपर्यंत' यातून आलं आहे. मराठीतला 'नाही' इंग्रजीत येत नाही, कारण 'अन्टिल'मध्ये 'ती वेळ येईपर्यंत' हा अर्थ आधीच आहे. भविष्याची गोष्ट असली तरी 'अन्टिल', 'व्हेन', 'इफ' यांच्या लगेच पुढच्या तुकड्यात 'विल' लागत नाही, साधा वर्तमानकाळ येतो. म्हणून 'अन्टिल द वर्क इज कम्प्लीट'. तसंच 'इफ इट रेन्स, द मीटिंग विल बी इन द हॉल'. इथे 'इफ इट विल रेन' लिहू नका.

'ओपन द टॅप' हे आपलं 'नळ उघडणे'. इंग्रजीत नळ, दिवा, पंखा यांना 'टर्न ऑन' आणि 'टर्न ऑफ' लागतं. 'क्लोज द फॅन'ही याच घरातलं.

'वन ऑफ द'नंतर नाम नेहमी अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी : 'वन ऑफ द पंप्स इज'. अनेकांमधला एक, म्हणून दोन्हींचं वचन वेगळं.

'सिन्स टू डेज' या चुकीत आपला 'पासून' लपला आहे. मराठीत 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दोन दिवसांपासून'ही म्हणतो. इंग्रजीत यांची वाटणी आहे. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स' : सिन्स मंडे, सिन्स २०१९, सिन्स दिस मॉर्निंग. किती काळ ते सांगायचं असेल तर 'फॉर' : फॉर टू डेज, फॉर सिक्स इयर्स. शब्दाच्या आधी आकडा आहे आणि तो कालावधी मोजतो आहे, तर 'फॉर' घ्या. आणि तेव्हा सुरू झालेलं अजून चालूच आहे, म्हणून क्रियापद 'हॅज बीन' किंवा 'हॅव बीन' होतं. नुसता 'इज' तिथे तोकडा पडतो.

'इन्फर्मेशन'ला अनेकवचन नाही. ॲडव्हाइस, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट हीही तशीच. मोजायचंच असेल तर 'टू पीसेस ऑफ फर्निचर' म्हणावं लागतं.

'काँटॅक्ट टू' आणि 'डिस्कस अबाउट' या दोन्हींत मधला शब्द जास्तीचा आहे. 'सचिवांशी', 'खर्चाबद्दल' यांतला प्रत्यय आपण सोबत घेऊन जातो. याच माळेतले आणखी काही : 'रीच टू दादर' नाही, 'रीच दादर'. 'आय टोल्ड टू हिम' नाही, 'आय टोल्ड हिम'. 'मॅरीड विथ' नाही, 'मॅरीड टू'. उलट 'एक्स्प्लेन मी' इथे 'टू' हवाच : 'एक्स्प्लेन इट टू मी'. यांना एकच नियम नाही. क्रियापद शिकताना पुढचा शब्दही त्याच्यासकट पाठ करणं हाच खात्रीचा मार्ग.

आता तुमची नोटीस अशी दिसेल : 'द वॉटर टँक्स विल बी क्लीन्ड ऑन संडे. प्लीज डू नॉट यूज द टॅप्स अन्टिल द वर्क इज कम्प्लीट. वन ऑफ द पंप्स हॅज ऑल्सो बीन आउट ऑफ ऑर्डर फॉर टू डेज. फॉर मोअर इन्फर्मेशन, प्लीज काँटॅक्ट द सेक्रेटरी. वी विल डिस्कस द एक्स्पेन्स ॲट द नेक्स्ट मीटिंग.'

प्रश्न : घरी शिकवण्या घेते. 'अ', 'ॲन', 'द' मुलांना कितीही समजावलं तरी ती अंदाजानेच लावतात. सोपी युक्ती आहे का? (गिरगाव)

'अ' आणि 'ॲन'साठी मराठी मुलांकडे एक साधन आहेच : देवनागरी. पुढचा इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायला सांगा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. 'अवर' स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन अवर', मग इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एच असो. 'युनिव्हर्सिटी' यु-ने सुरू होते, म्हणजे य हे व्यंजन, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'वन रुपी कॉइन'ला 'अ', 'ऑनेस्ट मॅन'ला 'ॲन'. आद्याक्षरांनाही ही युक्ती लागू पडते : ॲन एफआयआर, ॲन एनओसी, ॲन एमएलए, ॲन एक्स-रे, पण अ पीएचडी, अ यूपीएससी एक्झाम. स्पेलिंग पाहून लावायला शिकवलं की मुलं इथेच फसतात, कारण नियम उच्चाराचा आहे.

'द' अवघड आहे, कारण मराठीत त्याच्या जागी काहीच नाही. मुलांना एक प्रश्न द्या : ऐकणारा 'कोणता?' असं विचारेल का? विचारणार असेल तर 'अ', त्याला आधीच ठाऊक असेल तर 'द'. 'आय बॉट अ शर्ट अँड अ बॅग. द शर्ट इज टाइट.' पहिल्यांदा शर्ट अनोळखी होता, दुसऱ्यांदा ओळखीचा झाला. 'क्लोज द डोअर'मध्ये खोलीचं दार कोणतं ते दोघांनाही समोर दिसतं. सर्वसाधारण विधानात मात्र काहीच नको : 'आय लाइक टी', 'लाइफ इज हार्ड'. 'द'चा अतिरेकही चूकच आहे.

शाळेचं उदाहरण वर्गात चांगलं चालतं. 'रिया गोज टू स्कूल', कारण ती शिकायला जाते. 'हर मदर वेन्ट टू द स्कूल', कारण आई पालकसभेसाठी त्या इमारतीत गेली.

विशेषनामांसाठी मुंबईचाच नकाशा समोर ठेवा. समुद्र आणि नद्यांना 'द' : द अरेबियन सी, द मिठी. तलाव, चौपाट्या, उपनगरं आणि स्टेशनांना नाही : पवई लेक, जुहू बीच, मुलुंड, मुंबई सेंट्रल. मरीन ड्राइव्हला नाही, पण द वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला आहे. नावात मधे 'ऑफ' आला की बहुधा 'द' येतो : द गेटवे ऑफ इंडिया. 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' म्हणतात, पण त्याच संस्थेला 'मुंबई युनिव्हर्सिटी' म्हटलं की 'द' जातो. फळ्यावर अशी पंधरा-वीस नावं लिहून मुलांना दोन रकान्यांत टाकायला सांगा. नियम आधी सांगू नका, तो त्यांना त्या रकान्यांतून काढू द्या.

प्रश्न : मुलाखतीसाठी केलेली ही ओळख तपासाल का? 'मायसेल्फ बिलॉंगिंग टू सातारा. आय पास्ड आउट इन २०१८. आय ॲम हॅविंग फाइव्ह इयर्स एक्स्पीरियन्स.' (परळ)

'मायसेल्फ' कर्त्याच्या जागी येत नाही. सरळ 'आय ॲम' म्हणून आपलं नाव सांगा, मग 'आय ॲम फ्रॉम सातारा अँड आय लिव्ह इन परळ'. 'पास्ड आउट' आपल्याकडे सर्रास चालतं, पण ब्रिटिश किंवा अमेरिकन ऐकणाऱ्याला त्याचा पहिला अर्थ बेशुद्ध पडणं असा लागतो. 'आय ग्रॅज्युएटेड इन २०१८' म्हणा.

'आय ॲम हॅविंग' ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. काही क्रियापदं कृती दाखवतात, काही स्थिती. हॅव, नो, अंडरस्टँड, वॉन्ट, बिलॉंग ही स्थितीची, म्हणून त्यांना 'इंग' लागत नाही. आपण 'मला कळतंय' म्हणतो, त्यातून 'आय ॲम अंडरस्टँडिंग' निघतं. इंग्रजीत 'आय अंडरस्टँड'. पण 'हॅव'चा अर्थ 'जेवणं' झाला की ती कृती होते आणि 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर ठरतं. तुमचं वाक्य : 'आय हॅव फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स.' सध्याच्या नोकरीबद्दल विचारलं तर 'आय हॅव बीन वर्किंग देअर सिन्स २०२१'. 'आय ॲम वर्किंग सिन्स' नको.

प्रश्न : 'प्रीपोन', 'डू द नीडफुल', 'रिव्हर्ट बॅक' हे सगळं चूक का? (चेंबूर)

तिन्हींना एकाच मापाने मोजू नये. 'प्रीपोन' उपयोगी शब्द आहे, शब्दकोशांत भारतीय इंग्रजी म्हणून नोंदलेला आहे, इथे बिनदिक्कत वापरा. परदेशी माणसाला लिहिताना 'मूव्ह फॉरवर्ड' किंवा 'ब्रिंग फॉरवर्ड' बरं. 'डू द नीडफुल' व्याकरणाने बरोबर आहे, पण नेमकं काय करायचं ते सांगत नाही. त्याऐवजी काम लिहा : 'प्लीज साइन अँड रिटर्न द फॉर्म बाय फ्रायडे.' 'रिव्हर्ट बॅक'मधला 'बॅक' तर जास्तीचाच, जसा 'रिटर्न बॅक'मधला. आणि 'रिव्हर्ट'चा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणं असा असल्याने 'रिप्लाय' हाच साधा शब्द वापरा.

प्रश्न : लोकलमध्ये 'आर यू गेटिंग डाऊन?' विचारतो ते बरोबर आहे का? (कुर्ला)

डब्यात सगळ्यांना कळतं, त्यामुळे बोलताना बदलायची घाई नको. प्रमाण इंग्रजीत 'गेट डाऊन' शिडीवरून, झाडावरून किंवा टेबलावरून उतरण्याला म्हणतात. ट्रेन, बस, विमान यांना 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ', टॅक्सी, कार, रिक्षा यांना 'गेट इनटू' आणि 'गेट आउट ऑफ'. ज्यात उभं राहून चालता येतं तिथे 'ऑन-ऑफ', ज्यात वाकून शिरावं लागतं तिथे 'इनटू-आउट ऑफ', असं ढोबळमानाने धरलं तरी चालतं. तेव्हा दाराशी उभ्या असलेल्याला विचारायचं : 'आर यू गेटिंग ऑफ ॲट कुर्ला?'